त्राबाख़ोचं उट्टं

मी माणूस क्षमाशील नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून पश्चात्तापाची वाट बघत बसू नये. ज्या सरांनी मला स्पॅनिशच्या वर्गातून बाहेर काढलं, त्यांचं उट्टं मी पुरेपूर काढलं आणि ते काढताना मला मनापासून आनंद झाला.

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, त्यानंतर दोनेक वर्षांतली ही गोष्ट. मी नेरचा. अब्बा पिंजारी, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. मी यवतमाळला मामूंकडे राहून कॉलेजात शिकत होतो. मामूंचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या वर्षी पुण्याकडचे एक सर आमच्याकडे इंग्रजी शिकवायला आले. ते काही काळ लंडनला राहून आले होते आणि तिथे एका संध्याकाळच्या वर्गात थोडीफार स्पॅनिश शिकले होते. आल्याबरोबर त्यांनी नोटीस लावली: रोज सकाळी सात ते आठ, स्पॅनिश भाषा आणि साहित्य, फी नाही. सातआठ जण गेलो. बाकीचे सरांच्या नजरेत भरावं म्हणून आले असतील. मी उगीच आलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी वेडा झालो.

त्याला कारण होतं. सरांनी फळ्यावर शब्द लिहिले आणि मला ते ओळखीचे वाटू लागले. सदऱ्याला कामीसा, म्हणजे आमची कमीज. साखरेला आसूकार, म्हणजे शक्कर. कापसाला आल्गोदोन. नेरला गेलो तेव्हा मशिदीतल्या मौलवींना हा शब्द ऐकवला, तर ते म्हणाले, "बेटा, ये तो हमारा कुत्न है." अरबीत कापसाला अल्-कुत्न म्हणतात. ज्या कापसाच्या धुळीने अब्बांची छाती भरली होती, तो कापूस दूर कुठल्या मुलखात आमच्याच नावाने ओळखला जातो, याचा मला इतका आनंद झाला की मी ते घरी सगळ्यांना सांगत सुटलो. दोन परीक्षा पास झालं की मुंबईला पदविकेसाठी जाता येतं, असं सरांनीच सांगितलं होतं. मला तिथे जायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीही नको होतं.

सरांकडे एकच पुस्तक होतं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं. ते आळीपाळीने घरी न्यायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी बारीक टाइपातल्या तळटिपासुद्धा उतरवल्या. एका टिपेत लिहिलं होतं की या भाषेतला 'टी' म्हणताना जीभ दातांना लावा. म्हणजे आपला त! दुसऱ्या टिपेत होतं की 'जे' हे अक्षर घशातून घासत काढा. म्हणजे आमच्या ख़तातला ख़! दुसऱ्या दिवशी वाचायला उभा राहिलो. कामाला जो शब्द आहे तो सर 'ट्राबाहो' असा म्हणायचे. मी ठणठणीत वाचलं, "त्राबाख़ो."

सर म्हणाले, "घसा काय खाकरताय?"

वर्ग हसला. मी वही पुढे केली. "सर, पुस्तकात लिवलं हाये ना. मले वाटलं..."

"मले?" सरांनी चष्मा काढला. "मले वाटलं! अहो, ज्याला स्वतःची भाषा धड बोलता येत नाही, तो मला परकी भाषा शिकवणार? उद्यापासून आपण वर्गात आलात की आधी 'मला' हा शब्द दहा वेळा म्हणायचा, मगच बसायचं."

मी म्हणायचो. रोज सकाळी उभा राहून दहा वेळा मला, मला, मला. मागच्या बाकावरचे बोटं मोजायचे. बारा-पंधरा दिवस हे चाललं. मग एके दिवशी दहा वेळा नीट म्हणून झाल्यावर खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी शेजाऱ्याला म्हणालो, "थोडा सरक, मले दिसत नाही." सरांनी ते ऐकलं. दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "आपण आधी मराठी शिकून या." मी वही उचलून बाहेर पडलो. त्या दिवशी दुकानात मामूंसमोर मी रडलो, आणि रडताना सरांचं वाटोळं व्हावं असं मोठ्याने म्हणालो.

मामूंकडे एका कापूस व्यापाऱ्याचा मोठा रेडिओ दुरुस्तीला आला होता. त्यावर पहाटेच्या नमाजानंतर शॉर्टवेव्हवर एक स्पॅनिश स्टेशन लागायचं, कधी स्पष्ट, कधी खरखरीत. आठवडाभर कान लावून बसलो आणि एका सकाळी बातम्यांमध्ये तो शब्द आला. त्राबाख़ो. पुन्हा आला. मी उठून नाचलोच.

"मामू, हे लोक माह्यासारखंच बोलून राह्यले!"

"मंग त्या मास्तरले काहून सांगत नाही?"

"असं सांगून काय होते? त्याले चारचौघात पाडा लागते."

मामूंनी व्यापाऱ्याला सांगितलं की रेडिओला एक भाग मिळत नाही, आणि तो सेट माझ्यासाठी दीड महिना दुकानात ठेवून घेतला.

मग मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. घोटून घोटून शुद्ध मराठीत लिहिला, एकही शब्द वऱ्हाडी नाही. या वर्गाचे शिक्षक स्पॅनिशची कोणती परीक्षा उत्तीर्ण आहेत, हे कृपया कळावे. खाली धडधडीत सही केली, कारण निनावी लिहिण्यात काय मजा? प्राचार्य कागदाला जपणारे होते. त्यांनी सरांना विचारलं. सरांजवळ दाखवायला कागद नव्हता. नागपूरला परकी भाषांची पहिली परीक्षा व्हायची होती, ती पास व्हा, नाहीतर वर्ग बंद, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याच परीक्षेचा फॉर्म मीही भरला.

नागपूरला तोंडी परीक्षा घ्यायला मुंबईहून एक स्पॅनिश पाद्री आले होते. आधी माझा नंबर लागला. मी बोललो, ते हसले आणि म्हणाले, "उच्चार कुठे शिकलात?" मी म्हणालो, "घरी." बाहेर बाकावर येऊन बसलो. सर माझ्याकडे न बघता आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. त्यांचा 'ट्राबाहो' मला ऐकू आला, मग पाद्र्यांचा शांत आवाज, मग पुन्हा 'ट्राबाहो'. पाद्र्यांनी परत म्हणायला लावलं, परत लावलं. बाकावर बसून मी ते एक एक खडीसाखरेसारखं चघळत होतो. तेवढ्यात पाद्री दाराशी आले आणि मला म्हणाले, "आत या, या गृहस्थांना हळूहळू म्हणून दाखवा."

मी आत गेलो. सर घामाघूम झाले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, अगदी शिकाऊ मुलासारखं, ओठांकडे, जिभेकडे. शब्द त्यांच्या अगदी जवळ आला होता, हे मला दिसत होतं. मी तो झर्रकन म्हटला. पाद्री म्हणाले, "हळू." मी आणखी भरभर म्हटला. सरांना तो धरता आला नाही.

मी पहिल्या वर्गात पास झालो, सर नापास. वर्ग बंद झाला. पेढे मी वाटले, एक पुडा प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा पाठवला.

निकालाबरोबर पाद्र्यांचं चार ओळींचं पत्र होतं. दुसरी परीक्षा संभाषणाची असते, तेव्हा रोज कोणाशी तरी बोलत जा. कोणाशी बोलू? व्यापारी त्याचा रेडिओ घेऊन गेला होता. वर्गातली मुलं सगळं विसरली होती. यवतमाळ, नेर, कळंब, दारव्हा, सगळा जिल्हा मनात पालथा घातला. ज्याच्याशी स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलता येतील असा त्यात एकच माणूस होता. तीन महिने मी दम धरला आणि मग लाज गिळून त्यांच्या दारात गेलो.

सरांनी दार उघडलं, मला बसायला खुर्ची दिली. मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. तुम्ही कसे आहात, मी आपल्याशी बोलायला आलो आहे. त्यांना सगळं कळत होतं, ते मान हलवत होते. माझं संपल्यावर मराठीत म्हणाले, "तुमचे उच्चार छान आहेत. तेव्हा चूक माझी होती. मला माफ करा. पण आता ती भाषा माझ्या तोंडात येत नाही. पुस्तकही मी रद्दीत घातलं."

मी पुन्हा स्पॅनिशमध्ये बोललो. जवळजवळ ओरडलोच. ते आत जाऊन चहा घेऊन आले.

दुसऱ्या परीक्षेत मी नापास झालो. वाचन उत्तम, लेखन उत्तम, बोलताना समोरच्याचं कळेपर्यंत वेळ निघून जायचा. मुंबई राहिली. आज इतकी वर्षं झाली, त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. माफी स्पॅनिशमध्ये मागितली असती तर तिथेच पाया पडलो असतो. त्यांनी ती मराठीत मागितली.