जांभळा की गुलाबी

आमची मावशी तीस वर्षं लॅबमध्ये जंतू ओळखते. परवा एका जंतूने तिचं डोकंच फिरवलं. सोमवारी जंतू वाढवायच्या प्लेटमधून घेऊन रंगवला तर जांभळा दिसला, गुरुवारी त्याच प्लेटमधला गुलाबी. हे दोन रंग म्हणजे जंतूंची दोन वेगळी घराणी. तिने रंगाची बाटली बदलली, चष्मा पुसला, स्लाइड धुताना सेकंद मोजले. तरी गुलाबीच.

"काहीच कळेना बघ," ती जेवताना म्हणाली.

शेवटी वैतागून तिने तोच जंतू नव्या प्लेटवर वाढवला. दुसऱ्या दिवशी जांभळा. शिळ्या प्लेटमधले म्हातारे जंतू रंग धरत नाहीत, हे ती दरवर्षी नव्या मुलींना शिकवते.

"मलाच कसं सुचलं नाही?" असं पुटपुटत ती आरशापुढे बसली आणि आठवड्यात दुसऱ्यांदा केसांना कलप लावू लागली.