प्रॉम्प्टला घातलेली अट

माझ्यासारख्यानं काही लिहावं, हे मलाच अजून पटत नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फौजेतल्या दादाला पाठवायचं आंतर्देशीय पत्र. चुकलं तर माफ करा.

तेव्हा मी सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. दादा जखमी होऊन पुण्यातल्या लष्कराच्या दवाखान्यात होता. शिराळ्याजवळच्या आमच्या गावातून आई-आबा तिकडं गेले होते. हॉस्टेलचा फोन बंद होता. पुण्यात शिकणारा एक गाववाला दादाला भेटून मला ई-मेल करणार होता.

कॉलेजच्या लॅबमधल्या युनिक्स संगणकावर आदेश लिहायच्या जागी डॉलरचं चिन्ह दिसे. तो प्रॉम्प्ट. मॅन्युअल वाचून मी त्याला एक अट घातली होती: मेल आली असेल तरच चिन्हाआधी रोमन अक्षरांत ‘पत्र’ दिसावं, नाहीतर नुसतं चिन्ह. हातानं मेल उघडून बघायची मला भीती वाटायची. त्यापेक्षा प्रॉम्प्टनंच सांगितलेलं बरं.

त्या दिवशी दहाला बसलो. लॉगआउट केलं की खुर्ची रांगेतल्या पुढच्याची, म्हणून जेवायलाही उठलो नाही. एंटर दाबायचो. नुसतं चिन्ह.

लॅबचे मामा माजी सैनिक होते. म्हणाले, "काय रं, कवाधरनं एकच बटन दाबतोयस. दार वाजवतोयस व्हय?"

"दादाचा निरोप यायचाय, मामा."

"मग दमानं घे. निरोप न्हाई म्हंजे समदं ठीक हाय. फौजेत असंच असतंय."

मला लय बरं वाटलं.

पावणेपाचला रांगेतला एक सीनियर वैतागून मागं येऊन उभा राहिला. "गड्या, मुक्काम करतोस का आज?"

मी त्याला अट दाखवली. वाचून तो हसला. "अरे, ही तू लॉगइन करून आत आलास तेव्हा एकदाच तपासली गेली. आता कितीही एंटर मार, ते दहाचंच उत्तर देणार. बाहेर पडून परत ये."

बाहेर पडलो. त्यानं खुर्ची मागितली नाही. परत आत आलो, तर चिन्हाआधी ‘पत्र’ होतं. मेल सकाळी दहा वीसची. पुण्याला एसटीनं सहा तास लागायचे.

"दादाचा पाय काढणार हायती, आज सांजच्याला सहाला. धाकट्याला बघितल्याबिगर आत जायाचा न्हाई म्हणतोय. मिळंल ती गाडी धर."