कैच्यांवरचा काळा थर

काशीमीऱ्याहून चेण्याकडे जाताना आमचं जुनं मेथडिस्ट चर्च लागतं. ते पाडावं, असा अहवाल गेल्या वर्षी मी स्वतः लिहिला होता. सही तेवढी बाकी होती. आयुष्य इमारती तपासण्यात गेलेलं, म्हणून चर्चच्या मंडळीने विश्वासाने काम माझ्यावर सोपवलं. जाड दगडी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, सगळं खणखणीत होतं. पण कौलांचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. मी खालूनच बॅटरी मारली आणि लाकूड कुजलंय असं ठरवून मोकळा झालो. शिकलेल्या माणसाची मिजास, दुसरं काय! शिवाय खरं सांगायचं तर, अहवालाच्या दोन वर्षं आधी त्याच छपराखाली माझ्या पत्नीची शवपेटी ठेवली होती. तेव्हापासून माझी प्रार्थना बंद होती. ते छप्पर डोळ्यांसमोरून जावं, असं मलाच वाटत होतं.

सही करायच्या दिवशी सकाळी मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे बसलो असताना एक म्हातारे कोळी आले. जुन्या भाईंदरला होड्या बांधायचे. चर्च पाडणार असं ऐकून नव्या होडीसाठी छपराचं सागवान विकत मागायला आलेले. लाकूड बघतो म्हणून शिडीवरून सरसर वर चढले, पटाशीने एक कैची खरवडली आणि तिथूनच ओरडले, "सायेब, कुजलाय कोन बोलला? ह्यो मासलीच्या तेलाचा थर हाय. आमी होरीला लावतो ना, त्योच. लाकडाला कीड लागत न्हाय."

"मग बाबा, तुमच्या होडीचं काय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बघू दुसरीकडं. ह्ये छप्पर पन उलटी होरीच हाय, आमच्याच कुनीतरी बांधलेली. मोडू नका."

अडुसष्टाव्या वर्षी मीही ती शिडी चढलो. काळ्या थराखाली मधाच्या रंगाचं लाकूड होतं. त्यावर हात ठेवला आणि मला रडू आवरेना. पुढचे दोन दिवस एकेक कैची खरवडून पाहिली. सगळ्या शाबूत होत्या.

त्या बाबांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. त्यांचे उपकार मात्र रोज आठवतो. निकाल द्यायची घाई माझी होती. सांभाळणारा वेगळाच आहे, एवढं मला कळलं. अहवाल फाडून टाकला. त्या रविवारी आमच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसलो, शेजारची तिची जागा मोकळी ठेवून. प्रार्थनेला शब्द सुचेनात. वर कैच्यांकडे पाहत शेवटी एवढंच म्हणालो, "प्रभू, मी खालूनच पाहिलं होतं. मला क्षमा कर."