लॅमिनेट केलेलं हमीपत्र

"मॅम, यावर शिक्का बसणार नाही," टेबलापलीकडचे साहेब म्हणाले आणि त्यांनी तो कागद टेबलावर आपटून दाखवला. टक्क असा आवाज आला.

मी हात लावून बघितलं. कागद लॅमिनेट केलेला होता. चकचकीत, कडक, चारी कोपरे छान गोल कापलेले. शेजारी उभी असलेली मारिसेल नुसती हसली. चार वर्षांत मला तिचं ते हसू कळायला लागलंय. ते रडू यायच्या आधीचं असतं.

मी पुण्याची. आयर्लंडमधल्या नावन गावाजवळच्या एका नर्सिंग होममध्ये एच.आर. बघते. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे, इथे म्हातारी माणसं कायमची राहतात. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं हे सगळं करणाऱ्या आमच्या निम्म्या केअरर फिलिपिन्सच्या आहेत. मारिसेल त्यातलीच. तिच्या नवऱ्याचं नाव जून, तो मनिलात. चार वर्षं दोघांचा संसार व्हिडिओ कॉलवर चाललेला. शेवटी आम्ही जूनचाही इंटरव्ह्यू घेतला, तो पास झाला, परमिट आलं, व्हिसा आला.

लोकांना वाटतं, व्हिसा आला की संपलं. फिलिपिनो माणसाचं तिथे संपत नाही. परदेशी नोकरीसाठी स्वतःच्या देशातून बाहेर पडायलाही त्याला सरकारी दाखला लागतो. तो नसेल तर मनिलाच्या विमानतळावरूनच घरी पाठवतात. त्याला ते लोक 'ऑफलोड' म्हणतात, माणूस नाही तर बोचकंच जसं. हा दाखला हवा तर आधी आमच्या कागदांवर त्यांच्या लेबर ऑफिसचा शिक्का पाहिजे. त्यासाठी त्यांचे अधिकारी लंडनच्या वकिलातीतून आले होते आणि डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस बसले होते. आजचा दिवस शेवटचा. पुढची फेरी कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. जूनच्या व्हिसाची मुदत महिन्यावर आलेली. आज शिक्का नाही मिळाला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्या गठ्ठ्यातला नेमका हमीपत्राचा कागद प्लास्टिकमध्ये. या हमीपत्रात कंपनी लिहून देते की नोकरी गेली, आजारपण आलं, काहीही झालं, अगदी माणूस दगावला तरी त्याला त्याच्या घरी पोचवायची जबाबदारी आमची. त्याखाली नोटरीसमोर, म्हणजे शिक्का असलेल्या वकिलासमोर, सही करावी लागते.

मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. माझे सासरे, म्हणजे माझा नवरा निखिल याचे वडील, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. साताऱ्याला जिल्हा परिषदेत उभी हयात कारकुनी केलेली. सोमवारी परस्पर डब्लिनला जायचं म्हणून शुक्रवारी मी फाईल घरी आणून ठेवली होती.

"बाबा, माझ्या फाईलला हात लावला होतात का?"

"हात कसला, लॅमिनेशन करून आणलं. शनवारी चालत गेलो की स्टेशनरीच्या दुकानात. तो एकच केला. बाकीचे किरकोळ हुते."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला पायजे? एवढा महत्त्वाचा कागद, आन् उघडाच ठिवायचा?"

मी फोन ठेवून दिला. पुढे बोलले असते तर वाईटच बोलले असते.

मग ब्रीडला फोन. ब्रीड आमची डायरेक्टर, सही तिचीच. त्या दिवशी तिच्याकडे इन्स्पेक्शन चालू होतं. मी एका दमात सगळं सांगितलं.

"केलं कोणी हे?"

"सासऱ्यांनी."

"ग्रँड," ब्रीड म्हणाली. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही. छप्पर उडालं तरी लोक ग्रँडच म्हणतात. "तू पत्र प्रिंट कर, नोटरी शोध. मी निघते."

"पण इन्स्पेक्टर बाई?"

"त्यांना आपल्या आज्यांमध्ये बसवते. दोन तास तरी सोडणार नाहीत."

सासऱ्यांचा पराक्रम ऐकून साहेबांनी बजावलं, "चार वाजता आम्ही पेट्या बंद करतो. आमचं विमान आहे." मी रिसेप्शनवर हातापाया पडून नवं पत्र प्रिंट केलं. दहा मिनिटांच्या अंतरावर नोटरी सापडला, पण तो तीनशिवाय मोकळा नव्हता. मारिसेल घरून नूडल्सचा डबा घेऊन आली होती, तो तिने रांगेतल्या लोकांना वाटून टाकला. स्वतः घासही खाल्ला नाही. "तू खा गं," म्हटलं, तर म्हणाली, "मॅम, जूनला अजून काही सांगितलेलं नाही. तिकडे रात्र झालीय, तो जागाच बसलाय."

ब्रीड तीनला पाच कमी असताना आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. सही झाली, नोटरीचा शिक्का होईपर्यंत पावणेचार वाजले आणि आम्ही तिघी हॉटेलकडे अक्षरशः पळालो. हॉलमध्ये खुर्च्या उचलणं चालू होतं. साहेबांचा शिक्का पेटीत गेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पेटी परत उघडली.

"माझ्या आईनं माझं डिप्लोमा सर्टिफिकेट लॅमिनेट केलं होतं," शिक्का मारता मारता ते म्हणाले. "त्या वर्षी माझी बाहेरची नोकरी हुकली. मी आईला काही बोललो नाही. तुम्हीही घरी काही बोलू नका."

मारिसेल तिथेच खाली बसली आणि मोठ्याने रडली. ब्रीड तिची पाठ थोपटत राहिली.

तरीही नावनपर्यंत मी बाबांना काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होते. घरी गेले तर बाबा स्वयंपाकघरात चष्मा लावून नुसतेच बसलेले.

"काम बिघडलं का गं माझ्यामुळं?"

"झालं बाबा काम."

"वाचला मी त्यो कागद. जन्मभर हमीपत्रंच बघितली. कर्जाची, जामिनाची. पण माणसाला त्याच्या घरी पोचवायची हमी पयल्यांदा बघितली." थोडं थांबून म्हणाले, "निखिलला दिलाय का असला कागद त्याच्या कंपनीनं?"

"नाही."

"आन् तुला?"

"नाही बाबा."

रागवायचं राहूनच गेलं, मी चहा टाकला.

व्हिसाची मुदत संपायला नऊ दिवस बाकी असताना जून आला. बाबांना भेटायला वाळवलेले आंबे घेऊन आला आणि वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. तिकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. बाबा एकदम गडबडून गेले.

ओरिजिनल कागद घरी न्यायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते. या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाला तेवढंच सांगते.

बाबा साताऱ्याला परत गेले त्या दिवशी किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, आमच्या पासपोर्टांवर एक कागद ठेवलेला सापडला. कारकुनी वळणदार अक्षर. 'चि. निखिल व सौ. मेघना यांना काहीही अडचण आल्यास त्यांना घरी आणण्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.' खाली तारीख, सही, पूर्ण पत्ता. नोटरी नाही, शिक्का नाही. लॅमिनेशन मात्र केलेलं होतं.