दीपगृहाचे नऊ पत्ते

त्या शनिवारी मी जालन्याहून शहागडला घरी आलो, तेव्हा बॅगेत धुवायचे कपडे होते आणि तळाशी एक पत्र्याचा डबा. माय कपडे काढायला बसली आणि डबा तिच्या हाताला लागला. तिनं तो हलवून पाहिला, उघडून पाहिला, आणि मला काही न विचारता आबांसमोर नेऊन ठेवला. आत पत्ते होते.

आबांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. दुकानामागच्या हॉटेलात पूर्वी पत्त्यांचा अड्डा चालायचा. एकदा पोलीस आले आणि खेळणाऱ्यांबरोबर आबांनाही घेऊन गेले, हातात पाना होता तसेच. अर्धा दिवस बसवून मग सोडलं. तेव्हापासून आमच्या घरात साधा बदाम-सातसुद्धा कोणी खेळलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. निघताना आबांनी एवढंच सांगितलं होतं, पत्त्याच्या नादी लागलास तर हॉस्टेल बंद, माघारी यायचं आणि चाकं खोलायची.

"कोणासंगं खेळतो?" आबांनी विचारलं.

"एकटाच."

"एकट्यानं पत्ते कोण खेळतं रे?"

मी समजावायचा प्रयत्न केला. हॉस्टेलमधल्या एका सीनियरनं जाताना मला हा खेळ दिला होता. एकट्यानंच खेळायचा. आपलं एक जहाज असतं, ते माल घेऊन निघतं. गठ्ठ्यातून एकेक पत्ता काढायचा. वारा आला तर जहाज पुढं सरकतं, खडक आला तर फुटतं. तिसऱ्या खडकाला बुडतं. प्रत्येक वेळी ठरवायचं, पुढचा पत्ता काढायचा की नांगर टाकून थांबायचं. पुरेसं अंतर कापून थांबलो तर जिंकलो, नाहीतर हरलो.

"गोदावरीला उन्हाळ्यात पाणी राहत न्हाई," माय म्हणाली, "आन् ह्याला समुद्र पाह्यजे."

आबा हसले नाहीत. डब्यात माझी छोटी वही होती, खेळाची नोंद ठेवायची. आबा अक्षर जुळवत सावकाश वाचतात. बोट ठेवून ते वाचू लागले. "हरलो. हरलो. हरलो. बुडालो." मग त्यांनी पान उलटलं. "जिंकलो. जिंकलो. जिंकलो." बोट तिथंच थांबलं.

"हितं काय झालं एकदम?"

"नवीन पत्ते आले, आबा."

ते खरं होतं. खेळ बनवणाऱ्यानं इंटरनेटवर एक लहानसा वाढीव भाग फुकट ठेवला होता, दीपगृहाचे नऊ पत्ते. दीपगृह निघालं की पुढचा खडक टळतो. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी ते लग्नपत्रिकेच्या कागदावर छापून घेतले होते. त्यानंही आधी माझ्याकडं, मग पत्त्यांकडं पाहून विचारलं होतं, "हे कशाला पाह्यजे?"

आबांनी सगळा गठ्ठा हातात घेतला आणि नजर छताकडं लावली. टायरच्या आतून हात फिरवून खिळा शोधताना ते असेच वर बघतात. एकेक पत्ता बोटांखालून गेला. न बघता त्यांनी नऊ पत्ते बाजूला काढले. नऊच्या नऊ दीपगृहं.

"लावलेले पत्ते हायेत हे."

"न्हाई, आबा. कागद जाड आहे फक्त."

"मंग तुला कळत न्हाई का, वर जाड हाय का पातळ?"

मी नाही म्हणणार होतो. ते पत्ते आल्यापासून माझा अंगठा वरच्या पत्त्यावर क्षणभर थांबायचा. जाड लागला की मी पुढं जायचो, पातळ लागला की नांगर. मला वाटत होतं, मला खेळ जमायला लागला. हे मला माहीत होतं की नव्हतं, ते आजही खात्रीनं सांगता येत नाही.

"कळतं," मी म्हणालो.

"कोणाला फसवलं?"

"मलाच."

हे ऐकून त्यांचा संशय उलट वाढला. असं उत्तर चोरच देतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी मला खेळायला बसवलं. "पत्ता तुझी माय काढंल. तू हात लावायचा न्हाई." मायची बोटं कापूस वेचून भेगाळलेली. तिला जाड-पातळ काही कळणार नव्हतं. ती देवाचं फूल उचलावं तसा पत्ता उचलायची आणि विचारायची, "चांगलं निघालं का?" दोन खडक निघाले. मी थांबायला हवं होतं. आबा बघत होते म्हणून मी आणखी एक काढायला सांगितला.

"बुडालं," मी म्हणालो.

"आता कोणाला काय द्यायचं?"

"काहीच न्हाई."

"आन् जिंकला असता तर?"

"वहीत लिहिलं असतं."

 आबा सगळा गठ्ठा खिशात घालून दुकानावर गेले. कपडे भरू का, असं मायला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनाच इचार."

दुपारी दुकानावर गेलो. आबा फळीवर दीपगृहाचा पत्ता पालथा ठेवून कानसेनं घासत होते, ठिगळ लावण्याआधी ट्यूब घासतात तसा, हलक्या हातानं. आठ झाले होते, नववा चालू होता. तो संपवून त्यांनी नऊही बाकीच्या गठ्ठ्यात मिसळले आणि सगळे माझ्या हातात दिले.

"डोळे मिटून बघ."

मी बघितलं. जाड-पातळ काहीच लागत नव्हतं. डोळे उघडले. दीपगृहांच्या पाठीवर छापलेल्या निळ्या लाटा घासून पांढऱ्या झाल्या होत्या. आता ते नऊ पत्ते लांबूनही ओळखू आले असते. ठिगळ लावलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का ते पाहावं, तसे आबा माझं तोंड बघत होते.

"बराबर झालं?"

"बिलकुल बराबर."

"चारची बस हाय. बॅग घेऊन ये."

हॉस्टेलवर आल्यावर मी वहीतले ते सगळे "जिंकलो" खोडले. आता पत्ता काढताना मी डोळे मिटतो. खोलीतला मुलगा विचारतो, जप करतोस का? मी पुढचा पत्ता काढतो.

परवा आबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाले, "जहाजाचं काय?"

"हरून राह्यलो, आबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज निवांत झाला.