ल्यू बांगचे वडील उइटहॉर्नला येतात

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात उइटहॉर्न या डच गावातल्या मराठी घरांनी आपापले छंद शोधून काढले. कुणी ब्रेडचं आंबवण लेकरासारखं सांभाळलं, कुणी बाल्कनीत मेथी पेरून तिचे रोज फोटो पाठवले. चंद्रहासला नवीन काही शोधावं लागलं नाही. त्याच्याकडे आठवीपासून एक चिनी सम्राट होता.

चंद्रहास मूळचा कुरुंदवाडचा. वडील अरुण, म्हणजे सगळ्या गावाचे अण्णा, एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या लावायच्या आणि माणसं हाकायची, हे त्यांचं काम. थोरला भाऊ राजन शाळेतून आला की दप्तर टाकून मळ्याकडे जायचा. चंद्रहास दप्तर टाकून नगर वाचनालयात जायचा, कारण तिथं पंखा होता.

"राजनच्या नखाची सर नाही तुला," अण्णा जेवताना म्हणायचे. रागानं नाही, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

आणि मग त्या पंख्याखाली, कव्हर गेलेल्या एका पुस्तकात, चंद्रहासला ल्यू बांग भेटला. दोन हजार वर्षांपूर्वीचा शेतकऱ्याचा पोरगा. कामाचा कंटाळा, गावच्या गुत्त्यात पडीक. पुढे कशीबशी पोलीसपाटलासारखी एक बारीक नोकरी लागली. एकदा कैद्यांना पोचवायला निघाला, तर वाटेत निम्मे पळून गेले. आता आपलंही डोकं जाणार, हे ओळखून गड्यानं उरलेलेही सोडून दिले आणि त्यातल्याच काहींना घेऊन डोंगरात बंडखोर झाला. पुढे टोळीचं सैन्य झालं, सैन्याचं राज्य झालं, आणि हा माणूस हान घराण्याचा पहिला सम्राट झाला. आजही चिनी माणूस स्वतःला हान म्हणवतो. चंद्रहासला मात्र त्यातलं एकच वाक्य लागलं. या माणसाचा बापही त्याला रोज सांगायचा, भावासारखा कष्टाळू हो, तुझ्या हातून काही व्हायचं नाही.

आठवीतल्या मुलाला एवढा आधार पुष्कळ होतो. चंद्रहासने तो आधार घेऊन सांगलीला इंजिनीअरिंग केलं, पुण्यात कोड लिहिला, आणि एका कंपनीच्या बोटाला धरून आम्स्टलव्हेनला आला. नीलांबरीशी लग्न, मुलगी संहिता, उइटहॉर्नला मागे छोटी बाग असलेलं घर, चार सायकली. साम्राज्य म्हणाल तर हेच. ते दाखवायला अण्णांना बोलवायचं त्याच्या मनात वर्षानुवर्षं होतं, पण अण्णा यायला तयार नसत. आई गेल्यावर तर घरचा उंबरा ओलांडून शिरोळलाही मुक्कामाला जाईनात.

शेवटी पंचगंगेनं चंद्रहासचं काम केलं. २०१९च्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं. राजनने भिंती खरवडून गिलावा काढला. "भिंती वाळेपर्यंत तिकडं जाऊन या," असं म्हणत त्याने अण्णांना फेब्रुवारीत विमानात बसवलं. मार्चमध्ये जगच बंद पडलं. भिंती वाळल्या, पण विमानं उडेनात.

पहिले काही आठवडे बरे गेले. अण्णांनी घर पाहिलं, कालवा पाहिला, बदकं पाहिली. मग ते पुढच्या खिडकीत खुर्ची टाकून बसू लागले. समोरच्या रस्त्यावरून बस जायची, आत चिटपाखरू नसायचं.

"एक माणूस नाही आणि गाडी मिनिटाला मिनिट," ते नीलांबरीला म्हणाले. "कुणाला दाखवायला गं ही वेळ पाळतात?"

पुढे त्यांचं बोलणं कमी झालं. जेवण कमी झालं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, फोनवरच म्हणाला की सगळं ठीक आहे, पॅरासिटामॉल द्या. इथे आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांना तेच उत्तर असतं.

एकदा चंद्रहासने विचारलं, "अण्णा, काय पाहिजे तुम्हाला?"

"स्टँडवर जाऊन बसावं म्हणतो जरा."

"तिथं स्टँड बंद आहे. एसटी बंद आहे. राजननं सांगितलं नाही?"

"बंद असला तरी हाय की."

यावर आयटीतला माणूस इंटरनेटवर शोधायला बसतो. पण चंद्रहासकडे ल्यू बांग होता. त्याच्याही बापाला महालात करमेना. बाप उदास का, म्हणून सम्राटानं चौकशी केली, तर कळलं की म्हाताऱ्याला गावचे खाटीक, गुत्तेवाले आणि कोंबड्यांच्या झुंजी आठवतात. म्हणून त्याने राजधानीशेजारी जुनं गाव जसंच्या तसं बांधून घेतलं. तेच रस्ते, तीच दारं. गावची माणसंही उचलून आणली. असं सांगतात की तिथल्या कोंबड्या-कुत्री रस्त्यावर सोडली तर न चुकता आपापल्या घरात शिरली.

चंद्रहासने लगेच बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या बांधकाम-सामानाच्या दुकानातून, फळ्या आणल्या आणि बागेत एसटी स्टँडवर असतो तसला बाक ठोकला. मागे पिवळी पाटी लावून संहिताकडून तीवर काळ्या अक्षरांत 'कुरुंदवाड' लिहून घेतलं. दोन्ही उकार तिने आपल्या मनाने दीर्घ दिले, ते राहू दिले. बाकावर टॅब्लेट उभा केला आणि अण्णांच्या कट्ट्यावरच्या मित्रांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. आता गावचा संध्याकाळचा चहा म्हणजे इथली दुपार. नुकतं जेवून उठलेले अण्णा पोटावर हात ठेवून बसले आणि तिकडे मित्र चहा फुंकत राहिले. एकाचा कॅमेरा सतत छताकडे. दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मोठ्यानं हसत होता. नेमका पाऊस आला आणि कुरुंदवाड स्टँड गुंडाळून आत घ्यावा लागला.

"चांगला केलायस बाक," अण्णा म्हणाले. चंद्रहासला आठवतं तेव्हापासूनची ही त्यांची पहिली शाबासकी. आणि ती ऐकून त्याला रडू यायला झालं, कारण अण्णांनी ती परक्या घरी पाहुण्यानं चहाला चांगलं म्हणावं तशी दिली होती.

पण तो हटला नाही. त्याच्या मनात आणखी मोठं होतं. अण्णांनी आता कायम इथंच राहावं. त्यासाठीच्या परवान्याबद्दल त्याने वकिलाशी बोलणी सुरू केली, अण्णांना पत्ता लागू दिला नाही. नीलांबरी म्हणाली, "आधी त्यांना विचार तरी."

"विचारलं तर नाहीच म्हणतील."

"मग तेच उत्तर आहे ना."

"तू नको त्यात पडू."

जूनमध्ये इथल्या मराठी मंडळानं ऑनलाइन व्याख्यानमाला काढली. गावाकडे वसंतात मांडवाखाली भरते तसलीच, फक्त सतरंजीऐवजी झूम. चंद्रहासने आपला सम्राट पुढे केला. विषयावर कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या दिवशी दुसरा वक्ता नव्हता.

आणि इथे एक घोळ झाला, जो फक्त मराठी माणसंच करू शकतात. व्याख्यान म्हटलं की अध्यक्ष हवा. अध्यक्ष म्हटला की वयानं मोठा हवा. मंडळाच्या चिटणीस मंजूषाताई दूर झूटरमेर गावी राहायच्या. त्यांनी वक्त्यांची यादी न बघता सगळ्यांना विचारलं, सध्या आपल्यात सगळ्यात वडीलधारं कोण? सगळे म्हणाले, चंद्रहासकडचे अण्णा. त्यामुळे बापाला तोंडावर जे बोलता येत नव्हतं ते आडून सांगायला मुलानं जे भाषण रचलं, त्याच्याच अध्यक्षपदी बाप बसला. प्रथेप्रमाणे शाल-नारळही झाला. शाल नीलांबरीची होती, आणि नारळाच्या जागी पांढरा कांदा धरला तरी पडद्यावर कळत नाही, हा शोध संहिताचा.

चंद्रहास वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, अण्णा खाली जेवणाच्या टेबलाशी. राजनही कुरुंदवाडहून झूमवर आला होता, वाळलेल्या नव्या भिंतीसमोर बसून. चंद्रहास रंगात आला. महालाचं काम झाल्यावर सम्राटानं मोठी मेजवानी दिली, ती गोष्ट त्याने सांगितली. भर सभेत ल्यू बांगनं बापापुढे पेला उंचावला आणि विचारलं, तुम्ही म्हणायचात माझ्या हातून काही व्हायचं नाही, भाऊच खरा कष्टाळू. आता सांगा, कुणी जास्त मिळवलं? सगळा दरबार हसला.

"बापाकडे उत्तर नव्हतं," चंद्रहास म्हणाला, आणि पाणी प्यायला थांबला. ते पाणी त्याला बरेच दिवस प्यायचं होतं.

मग गाव उचलून आणल्याची गोष्ट झाली. कोंबड्या घरी गेल्या. टाळ्यांचे पिवळे हात पडद्यावर उगवले. प्रश्नोत्तरांत खालच्या खोलीतून संहितानं अनम्यूट केलं.

"बाबा, यू स्किप्ड द सूप पार्ट."

"संहिता, नंतर."

"काय म्हणते?" अण्णांनी विचारलं.

चंद्रहासला सांगावं लागलं. लढाईत शत्रूनं ल्यू बांगच्या बापाला पकडलं आणि निरोप धाडला, शरण ये, नाहीतर म्हाताऱ्याला उकळतो. ल्यू बांग म्हणाला, उकळ, आणि वाटीभर रस्सा मलाही पाठव.

"आणि गाव बांधलं ते याच बापासाठी?" अण्णा म्हणाले. "मग बांधायलाच पाहिजे होतं."

मंजूषाताईंनी घाईघाईनं अध्यक्षीय समारोप जाहीर केला. अण्णांनी खांद्यावरची शाल नीट केली. माईक ही त्यांची जुनी जागा होती.

"मंडळी, वक्ते माझेच आहेत, त्यामुळं वेळेवर थांबणार नाहीत हे ठाऊक होतं. भाषण चांगलं झालं. एक दुरुस्ती. वक्ते म्हणाले, बापाकडे उत्तर नव्हतं. असणार. चार लोकांत बोलला नाही, एवढंच. मी अध्यक्ष आहे, मला बोलणं भाग आहे. पोरानं जास्त मिळवलं. बाप चुकला. घरात हे म्हणायला तोंड उघडलं नसतं, अध्यक्ष केलात म्हणून उघडलं."

वरच्या खोलीत चंद्रहासने चष्मा काढला.

"आता ते गाव. कोंबड्यांचं काय सांगताय, दाणे पडले की तिचं घर झालं. मला सांगा, माणसं उचलून नेली तेव्हा मागं जे राहिले असतील, त्यांचं कुणी लिहिलं का? थोरल्या भावाचं? त्यानं भिंतीला गिलावा केला आणि आत कुणी बसायलाच नाही. माझी जागा तिथं मोकळी पडलीय. मी इथं कितीबी चांगल्या बाकावर बसलो, तरी ती भरत नाही. अध्यक्षांना विनंती करता येत असली, तर वक्त्यांनी विमानाचं बघावं. धन्यवाद."

राजनचा कॅमेरा बंद झाला. आभारप्रदर्शन त्या दिवशी कुणी केलं नाही, हे मंडळाच्या इतिहासात प्रथमच.

चंद्रहास बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा अण्णा शालीची घडी घालत होते.

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात," तो म्हणाला.

"तू काय खोलीत बोलावून विचारलं होतंस?"

"राहा म्हणायचं होतं मला."

"कळलं की. त्या कोंबड्या आल्या तेव्हाच कळलं." त्यांनी घडी टेबलावर ठेवली. "तू बोलावलंस, मी आलो. आता पाठव. बोलावणं सोपं रे बाबा, पाठवायला येतं का बघ."

चंद्रहासने वकिलाला नको म्हणून कळवलं आणि अडकलेल्यांसाठी खास विमानं सुटत होती, त्यांत अण्णांचं नाव घातलं. जुलैत नंबर लागला. विमानतळात फक्त प्रवाशांना प्रवेश होता, त्यामुळे निरोप बाहेर फुटपाथवरच उरकायचा. मास्क, प्लास्टिकची फेस शील्ड, हातमोजे, असा अण्णांचा अवतार बघून संहिता हसली आणि मग डचमध्ये काहीतरी पुटपुटत नीलांबरीच्या मागे गेली.

चंद्रहास पाया पडायला वाकला, तसा सुरक्षारक्षक हात पुढे करत आला. दीड मीटर अंतर, म्हणाला. मग दोघांकडे पाहून त्याने विचारलं, तुम्ही एकाच घरातले का? एका घरातल्यांना नियम नव्हता.

"हो," चंद्रहास म्हणाला. "एकाच."

रक्षक मागे सरला. अण्णांनी विचारलं, "काय म्हणतोय?" चंद्रहासने सांगितलं.

"मग बरोबर सांगितलंस," अण्णा म्हणाले, आणि हातमोजा काढून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो जरा जास्तच वेळ ठेवला. मग बॅग उचलून आत गेले, आणि काचेचं दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं.