पंचवीस हजार फुटांवरची सही

‘मुखवटा काढून मी स्वतः त्या हंसाशेजारी बसलो. मला यत्किंचितही त्रास झाला नाही. ऑपरेटर मुनियप्पाने व्हॉल्व्ह नीट बंद केला नव्हता, हे उघड होते. हंसाचा पराक्रम तो एवढाच.’

आमचे तत्कालीन विभागप्रमुख डॉ. निपाणीकर यांनी बंगलोरच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत हे छापून आणले आहे. मुनियप्पा आज हयात नाही. मी आहे, आणि त्या दिवशी चेंबरमध्ये डॉक्टरांसमोर मीच बसलो होतो.

साठच्या दशकातील ही गोष्ट. वैमानिकांच्या चाचण्यांसाठी आमच्या संस्थेत एक चेंबर होते, म्हणजे पोलादी खोली. पंप आतील हवा ओढून घेतो आणि बंगलोरात बसून हिमालयाची विरळ हवा मिळते. मी तेथे पशुवैद्य होतो. होसकोट्याच्या तलावावरून आम्ही एक पट्टकादंब आणला होता. हा हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याचे रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरते आणि गरज पडताच तो अधिक खोल श्वास घेतो. उंचीचा काटा पंचवीस हजार फुटांवर गेला, तरी पठ्ठ्या शांतपणे रागीचे दाणे टिपत होता.

“अशक्य!” डॉक्टर म्हणाले. “व्हॉल्व्ह गळतोय, बाहेरची हवा आत येतेय. काटा काय, काहीही दाखवेल.”

“इल्ला सार, नाही!” मुनियप्पा उसळला. “मी स्वतः टाइट केला. हात लावून बघा.”

“उद्या मीच आत बसतो. मला काही झालं नाही, तर तुझ्या नावानं मेमो निघेल.”

मेमो म्हणजे मुनियप्पाच्या नोकरीवर गदा. मी म्हणालो, “साहेब, त्रास जाणवत नाही, हीच तर यातली गोम आहे. माणूस उलट खुशीत येतो.”

“देशपांडे, तुम्ही गुरंढोरं बघा. मला शिकवू नका.”

दुसऱ्या दिवशी मी प्राणवायूचा मुखवटा लावूनच बसलो. आत एकाने शुद्धीवर राहावे, असा नियम होता. डॉक्टरांच्या हाती पेन्सिल आणि कागद दिला. मुखवटा काढल्यावर स्वतःचे नाव पुन्हा पुन्हा लिहायचे, ही त्या काळची साधी परीक्षा.

काटा पुन्हा पंचवीस हजारांवर गेल्यावर डॉक्टरांनी मुखवटा काढला आणि काही वेळाने ते हसू लागले.

“साहेब, मुखवटा लावा.”

“कशाला? हवा फर्स्टक्लास आहे! या हंसाला चहा सांगा.”

पेन्सिल गळून पडली. मी मुखवटा त्यांच्या तोंडावर दाबून धरला. काचेतून पाहणाऱ्या मुनियप्पाने, कोणी न सांगता, सावकाश हवा आत सोडली. हंसाने मानही वळवली नाही.

बाहेर येताच डॉक्टर म्हणाले, “पाहिलंत? काही झालं नाही. मेमो टाइप करा.”

मी त्यांच्या टेबलावर तो कागद ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि ड्रॉवर उघडला. कागद आत जाण्यापूर्वी मी तो उचलला. मेमो निघाला नाही. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. बोलले ते थेट स्मरणिकेत.

प्राणवायू संपत आलेल्या माणसाची साक्ष काढू नये, मग तो विभागप्रमुख का असेना. कागद माझ्याजवळ आहे. पहिल्या तीन ओळींत ‘डॉ. निपाणीकर’ वळणदार आहे. चौथीत वेलांट्या सुटल्या आहेत. शेवटच्या ओळीत केवळ ‘न न न न’, आणि तेथून कागदाच्या कडेपर्यंत घसरलेली एक रेघ. अक्षर त्यांचेच आहे.